धार आणि झीज

काही कामे अशी असतात, की ती केली तर कुणाच्या लक्षात येत नाहीत आणि केली नाहीत तर सगळ्या घराच्या लक्षात येतात. विहिरीतला गाळ काढणे, पावसाळ्याआधी छपराची गळती बुजवणे, लोणच्याच्या बरणीचा दादरा बदलणे, उशीचा उसवलेला अभ्रा शिवणे ही त्या जातीची कामे. त्यांनी जगात नवे काहीच येत नाही. जे होते ते होते तसे राहते, एवढेच. आणि एखादी गोष्ट नुसती ‘राहिली’ याचे कौतुक करण्याची आपल्याला सवय नाही. नवे घर बांधले की वास्तुशांत होते, पंगती उठतात. तेच घर चाळीस वर्षे जिने झाडून-सारवून उभे ठेवले, तिच्यासाठी पंगत उठल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

वास्तविक दिवाळी हा या राखणाऱ्या कामांचाच सण. पंधरा दिवस आधी माळे झाडले जातात, भांडी उजळली जातात, भिंतींना रंग लागतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तर आपण केरसुणीला हळदकुंकू वाहून तिलाच लक्ष्मी मानतो. ही चाल मला फार आवडते. पण तिच्यात एक बारीकशी अडचण आहे. पाटावर बसते ती बाजारातून नुकतीच आणलेली नवी केरसुणी. वर्षभर कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरून जिचा बुडखा तेवढा उरला, ती त्या वेळी दाराआड उभी असते. जिने घर स्वच्छ ठेवले तिला हळदकुंकू नाही. जिने अजून काडीही हलवलेली नाही तिला आहे. झिजलेल्या गोष्टीकडे आपण कसे पाहतो, ते या एका चालीत नेमके दिसते.

आज मला अशाच एका झिजणाऱ्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे. ती म्हणजे धार.

मराठीत हा शब्द दोन घरी नांदतो. गाईची काढतात तीही धार आणि विळ्याला लावतात तीही धार. दोघींचा स्वभाव मात्र एकच. एकदा काढून किंवा एकदा लावून भागत नाही. काल धार काढली म्हणून आज कासेला हात लावायचा नाही असे कुणी म्हणत नाही. विळ्याचेही तसेच. तांब्या एकदा घडवला की तांब्या असतो. धार लावली की त्याच क्षणापासून ती कमी व्हायला लागते. आणि ती परत आणायचा मार्ग एकच, पोलाद घासून काढणे. न वापरावे तर पाते गंजते, वापरावे तर बोथट होते, आणि बोथटपणा घालवायला जावे तर झिजते. कसेही वागा, पाते संपतच जाते. प्रश्न एवढाच उरतो, की ते कशापायी संपवायचे. हा प्रश्न लोहाराचा वाटतो, पण मला तो नीतीचा वाटतो. राखायचे किती, राखायचे कुणी, आणि राखायचे कशासाठी, या तीन गोष्टी ज्याला धारेच्या बाबतीत नीट कळल्या, त्याला त्या इतर ठिकाणीही थोड्याफार कळतील असा माझा समज आहे.

मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचे आमचे परतूर १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते, नंतर जालन्यात आले. जिल्हा बदलला तरी रान काळेच राहिले आणि त्या रानातली अवजारेही पुष्कळशी तीच राहिली. विळा, खुरपे, कुऱ्हाड, वखराची पास यांच्यामुळे धार म्हणजे काय हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. तरीसुद्धा या प्रश्नाची पुरती उकल मला झाली ती इथल्या अवजारामुळे नव्हे. ती झाली बर्फावरच्या एका अवजारामुळे. आता परतूरला बर्फ दिसतो तो रसवंतीवर, भुशात लोळवून गोणपाटात गुंडाळलेला. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. अशा गावात राहून मी स्कीच्या कडांबद्दल लिहू लागलो तर वाचकांनी हसावे, त्यात वावगे काही नाही. पण माझी एक भाची ऑस्ट्रियात इन्सब्रुकला असते आणि हिवाळ्यात सुटीच्या दिवशी स्की घेऊन डोंगर चढते. तिच्या तोंडून जे ऐकले आणि दूरध्वनीच्या चित्रात जे पाहिले, त्यावरून हे सुचले.

स्की म्हणजे बुटांना अडकवायच्या दोन लांब, चिंचोळ्या फळ्या. नुसते उतारावरून घसरत यायचे असेल तर वर पोहोचवायला तारेवरचे पाळणे असतात. स्की-गिर्यारोहणात तसे नसते. तिथे डोंगर आपल्याच पायांनी चढायचा. चढताना स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे. आता मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची, किंवा नायलॉनची असते. तिचे केस मागे कललेले असतात, म्हणून स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. माथ्यावर गेले की पट्ट्या काढून पाठपिशवीत घालायच्या आणि मग उतरायचे. आपल्याकडे गुलमर्गला १९४८ साली जनरल थिमय्यांच्या पुढाकाराने सैन्याने बर्फावरच्या हालचालींचे शिक्षण सुरू केले, उत्तराखंडात औलीलाही ते मिळते. तेव्हा ही विद्या आपल्या देशाला अगदीच परकी नाही. २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान द्यायचे, असा निर्णय २०२१ साली झाला.

या मंडळींना पहाटेच निघावे लागते. दिवस वर आला, उन्हाने बर्फ सैल झाला, की हिमलोट कोसळण्याचे भय वाढते. पहाटेचा बर्फ रात्रभर गोठून काचेसारखा झालेला असतो. म्हणजे एक भय टाळण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जायचे. या काचेवर माणसाला आधार कशाचा, तर स्कीच्या दोन्ही बाजूंना तळाशी बसवलेल्या पोलादी कडेचा. तिची रुंदी सुमारे दोन मिलिमीटर. आडव्या चालीत, वळणावर, थांबताना, सगळ्या देहाचा भार त्या रेषेवर येतो. ती रेषा बर्फात रुतली तर माणूस उभा राहतो. नाही रुतली तर उतार जिथे संपेल तिथे तो थांबतो.

एके काळी ही कडही नव्हती. स्की नुसत्या लाकडाच्या असत. लाकडाचा कोपरा वापराने गोल झाला, की कठीण बर्फावर त्याचा काही इलाज चालत नसे. साल्झबुर्गकडच्या रुडॉल्फ लेटनर नावाच्या गिर्यारोहकाने लाकडी स्कीला पोलादी कडेचे तुकडे स्क्रूने बसवण्याची युक्ती काढली आणि १९२६ साली तिचे पेटंट घेतले. गृहस्थ पेशाने हिशेबनीस होता. पायाखाली शिल्लक किती, हे पाहण्याची खोड त्याला कचेरीतच लागली असावी, असे मला उगीच वाटते.

भाची डोंगरावरून घरी आली, की चहाच्या आधी स्की पुसते. कडेचे पोलाद गंजणाऱ्या जातीचे असते. ओल्या स्की तशाच एकमेकींवर ठेवल्या, तर तांबूस डाग धरतात. मग ती कडेवरून बोटाचे नख आडवे ओढत जाते. धार असेल तिथे नखाचा बारीकसा भुगा निघतो, नसेल तिथे नख नुसते सरकते. एवढ्या तपासणीनंतर पुष्कळदा ती काहीच न करता स्की कोपऱ्यात उभ्या करून ठेवते. नखाने विचारल्याशिवाय कानस उचलायची नाही, हा तिचा पहिला नियम.

उचलावीच लागली, तरीही घाई नसते. बर्फाखाली लपलेल्या दगडावर कड आपटली म्हणजे तिथे खाच पडते आणि खाचेच्या काठावर पोलादाचा एक बारीक उंचवटा उभा राहतो. आघाताने तेवढ्या जागचे पोलाद भोवतालपेक्षा कठीण झालेले असते. त्यावर सरळ कानस चालवली तर कानसच घसरते आणि तिचे दात जातात. म्हणून आधी हिऱ्याचा चुरा बसवलेल्या बारीक पट्टीने तो उंचवटा हलक्या हाताने उतरवायचा, मग कानस लावायची. ही गोष्ट ऐकली तेव्हा मला आमच्याकडच्या कितीतरी भावाभावांची आठवण झाली. जिथे घाव बसला तिथेच माणूस सर्वांत कठीण झालेला असतो, आणि समेट करायला आलेला शहाणा नेमकी तिथेच मोठी कानस चालवू लागतो.

त्यानंतर बाजूने कानस, एकाच दिशेने. ती हाताच्या अंदाजाने धरायची नाही. कोन ठरवून देणाऱ्या लहानशा साच्यात धरायची. स्कीची धार विळ्यासारखी पातळ नसते. तिचा कोन जवळजवळ काटकोन, साधारण ८७ ते ८९ अंशांच्या मधला. पातळपणा म्हणजे धार, अशी माझी आजवरची समजूत होती. इथे कळले, की ज्या कामाला जो कोन लागतो त्या कोनाचा नेटकेपणा म्हणजे धार. वस्तऱ्याचा कोन कुऱ्हाडीला दिला तर पहिल्याच घावाला तिचे पाते चिरफळेल, आणि कुऱ्हाडीचा कोन वस्तऱ्याला दिला तर न्हावी उपाशी मरेल. गंमत म्हणजे इतक्या निगुतीने धार लावून झाल्यावर ती स्कीचे पुढचे आणि मागचे टोक रबरासारख्या एका दगडाने मुद्दाम किंचित बोथट करते. टोकेही मधल्या भागाइतकीच तीक्ष्ण राहिली, तर ती नको तिथे बर्फाला अडकतात आणि वळता वळता माणसाला पाडतात. जो माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीक्ष्णच असतो, त्याच्याबरोबर चार दिवस प्रवास केलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता त्या ‘किती’चे उत्तर पाहू. शर्यतीत उतरणारे लोक प्रत्येक शर्यतीआधी धार लावतात. त्यांना स्की वर्षानुवर्षे टिकवायच्या नसतात. डोंगर चढणाऱ्याची स्की वजनाला हलकी, तिची कडही बेताची. ती रोज घासली तर थोड्या हंगामांत कड संपेल. आणि कडेच्या दोन बाजूंत एक मोठा भेद आहे. बाजूकडून चुकून थोडे जास्त घासले गेले, तर पुढच्या खेपेस सांभाळून घेता येते. तळाकडच्या बाजूला अर्धा-एक अंशाचा जो उतार दिलेला असतो, तो मात्र एकदा वाढला की घरी परत आणता येत नाही. त्यासाठी सगळा तळच यंत्रावर घासून खाली आणावा लागतो. म्हणून घरात बसून बाजूची धार लावावी आणि तळाच्या बाजूला शक्यतो हात लावू नये, असा शिरस्ता आहे.

मला यात काळजी घेण्याचे सगळे शास्त्र दिसते. काळजी ही फुकट नसते. जिची काळजी घ्यायची तिच्यातूनच ती काही घेते. रोज संध्याकाळी मुलाला समोर उभे करून त्याच्या दिवसभराच्या चुका सांगणारा बाप मनाने वाईट नसतो. त्याला मुलाला धार लावायची असते. पण रोज थोडे पोलाद जाते हे त्याच्या लक्षात येत नाही. आणि काही मुलांच्या बाबतीत तो नेमकी तळाची बाजू घासत असतो, जिथे गेलेले परत येत नाही. हयगय करणाऱ्याला आपण दोष देतो, तो योग्यच आहे. फार जपणाऱ्याच्या हातूनही वस्तू संपते, हे मात्र आपण दोषांत धरत नाही. मला दोघांचे पाप सारखेच वाटते. एकाने विचारले नाही आणि दुसऱ्याने उत्तर ऐकले नाही.

दुसरा प्रश्न, राखायचे कुणी? कठोपनिषदात कल्याणाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे. संस्कृत कवींनी असिधाराव्रताची थोरवी गाइली आहे. धारेवरून चालणारे असे पुष्कळ झाले. त्या वस्तऱ्याला धार कुणी लावली, याची चौकशी कुणी केल्याचे दिसत नाही. तो दुसरा कुणीतरी होता, एवढे गृहीत धरलेले असते.

मीही भाचीला एकदा असेच गृहीत धरून विचारले होते, “एवढा खटाटोप घरी कशाला? तिथे दुकाने असतील ना?”

“आहेत की, मामा. यंत्रावर झकास धार लावून देतात. पण उतरताना दुकानदार काही माझ्याबरोबर येत नाही.”

“मग दुकानात कधीच देत नाहीस?”

“देते. तळ खराब झाला तर द्याव्याच लागतात. पण आणल्यावर नख मीच लावून बघते.”

या उत्तरात मला एक फार जुनी गोष्ट सापडली. फौजेत जवान आपली बंदूक आपणच साफ करतो. दुसऱ्याला ती साफ करता येणार नाही असे नाही. पण वेळ येईल तेव्हा ती त्याच्याच खांद्याला लागायची असते. डोंगरावर तर एका दोराला दोघे-तिघे बांधलेले असतात. माझी कड सुटली तर मी एकटा जात नाही. माझ्या घरी, माझ्या टेबलावर, कुणी पाहत नसताना मी जी कुचराई केली, तिची किंमत ज्याने कुचराई केली नाही तो देतो. नीतीचे बहुतेक प्रश्न असेच असतात. ते रस्त्यावर दिसतात, पण ठरलेले असतात आदल्या रात्री, घरात.

घरी धार लावण्याचा आणखी एक लाभ आहे. हात फिरवताना आपल्याच चालीचा हिशेब वाचायला मिळतो. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असताना आपण किती उतावळेपणा केला, ते खाचा सांगतात. डावी आणि उजवी कड सारखी झिजली नसेल, तर आपण कोणत्या पायावर जास्त भिस्त ठेवतो ते कळते. यंत्र खाचा पुसून टाकते. त्या कशाने पडल्या, ते सांगत नाही.

पण ‘आपली धार आपणच लावावी’ एवढे सांगून थांबलो, तर ते अर्धे सत्य होईल. आमच्या गावगाड्यात शेतकऱ्याने लोहार होऊन बसावे अशी अपेक्षा कधीच नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, ते माझ्या पिढीने तिच्या अखेरच्या अवस्थेत पाहिले आहे. लोहाराला खळ्यावर जे धान्य मिळे, ते वर्षभर गावाची अवजारे चालती ठेवल्याबद्दल. पास बोथट झाली की त्याच्याकडे टाकायची. त्याने ती तापवायची, ठोकायची, पाजवायची. म्हणजे नव्या वस्तूच्या किमतीखेरीज जुनी वस्तू राखण्याचाही एक वाटा असतो, ही गोष्ट त्या व्यवस्थेला ठाऊक होती. पेरणीच्या आधी घिसाड्यांची पाले गावाबाहेर पडत. पुरुष सांडशीत लोखंड धरी आणि बायको घण घाली. तो आवाज आला की पाऊस जवळ आला असे समजावे.

त्या दिवसांची आठवण काढून उसासे टाकण्यातला मी नव्हे. त्या व्यवस्थेने राखणाऱ्याला वाटा दिला, पण मान दिला नाही. ज्याने धार लावायची त्याने जन्मभर तेच करायचे, त्याच्या मुलानेही तेच, आणि पंगतीत मात्र कुठे बसायचे ते दुसऱ्यांनी ठरवायचे. ती मोडली यात वाईट काही झाले नाही. वाईट एवढेच, की ती मोडताना राखण्याच्या कामाचा वाटाही आपण हिशेबातून काढून टाकला. आता आपण वस्तू विकत घेतो आणि ती बोथट झाली की दुसरी घेतो. मधले काम करणारा कुणी उरलाच, तर सायकलवर धारेचा दगड बसवून गल्लोगल्ली ओरडत फिरणारा. आणि विळी पाजवून दिल्यावर त्याच्याशी पाच रुपयांवरून घासाघीस करणारे आपण.

तेव्हा ‘कुणी’ या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे, की कानस दुसऱ्याच्या हाती देता येते. नख देता येत नाही. काम वाटून घेता येते, ते करणाऱ्याला त्याचा योग्य वाटा द्यावा लागतो, आणि काम झाले की नाही हे पाहण्याची जोखीम मात्र ज्याने त्याने उचलावी लागते.

राहिला तिसरा प्रश्न, कशासाठी? तो विचारला की मला इन्सब्रुकहून पुन्हा परतूरच्या रस्त्यावर यावे लागते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातून, बीडकडून आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघू लागतात. मालमोटारींत आणि ट्रॅक्टरच्या मागच्या डब्यांत भांडीकुंडी, शेळ्या, लहान मुले आणि कोयते. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत फडात राबायचे असते. मजुरी टनावर. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. किती माणसे आली असे कुणी विचारत नाही. किती कोयते आले असे विचारतात.

मी हा शब्द वर्षानुवर्षे ऐकत होतो. धारेचा विचार करू लागलो तेव्हा तो पहिल्यांदा टोचला. लोखंडी कोयत्याची निगा त्या फडात चांगली होते. बोथट कोयत्याने ऊस तुटत नाही, टन भरत नाही, म्हणून मालकच, म्हणजे तो मजूर, रात्री किंवा पहाटे दगडावर तो पाजवतो. त्या वेळेची मजुरी कुणी देत नाही. पण त्या दुसऱ्या कोयत्याचे काय? ज्या जोडीला आपण ते नाव दिले, तिची धार कोण पाहतो? तिच्यावर नख कोण ओढून बघतो? आजाराने एक दिवस अंग टाकले तर खाडा धरला जातो. पाठीला पडलेल्या खाचेवर आधी हलक्या हाताने काही करावे लागते, हे आपण स्कीच्या कडेबद्दल जाणतो.

आणि एक फरक आहे, तो या सगळ्याच्या मुळाशी आहे. झिजून नाहीसा झालेला विळा भंगारात जातो. भंगार जालन्याला जाते. तिथल्या भट्ट्यांत ते वितळते आणि त्याच्या सळ्या होतात. त्या कुणाच्या तरी घराच्या छपरात जाऊन बसतात. लोखंडाला पुनर्जन्म आहे, आणि तो आमच्या जिल्ह्यात डोळ्यांनी पाहता येतो. झिजलेल्या माणसासाठी अशी भट्टी कुठे नाही. त्याची कड दोन मिलिमीटरच असते आणि ती एकदाच मिळते. म्हणून माणसाला धार लावणाऱ्याने, मग तो बाप असो, मास्तर असो, की मुकादम असो, कशासाठी घासतो आहोत याचे उत्तर आधी देणे लागते. त्याच्या स्वतःच्या उताराला उपयोगी पडावी म्हणून की आपला टन भरावा म्हणून?

हे लिहिले म्हणून ऊस गोड लागायचा थांबणार नाही. मलाही थांबत नाही. फराळाच्या ताटातली साखर कुणीतरी तोडलेल्या उसाचीच आहे, आणि ती खाऊ नये असे सांगण्याचा शहाणपणा माझ्यापाशी नाही. पण त्या जोडीला मोजताना कोयते न मोजता माणसे मोजावीत, आजारपणाचा एक दिवस खाड्यात न धरता निगेच्या खर्चात धरावा, आणि हा खर्च ज्याची साखर त्याच्या हिशेबात यावा, एवढे म्हणायला फार मोठे तत्त्वज्ञान लागत नाही. कोयत्याला दगड लागतो हे ज्याला पटते, त्याला हेही पटायला हरकत नसावी.

वसंत संपून बर्फ वितळू लागला, की भाची स्कीचे शेवटचे काम करते. धार लावत नाही. तळ आणि कडा पुसून त्यांवर मेणाचा जाड थर देते, तो खरवडून न काढता तसाच ठेवते, आणि स्की थंड, कोरड्या जागी उभ्या करते. पुढचे सहा महिने त्यांना कुणी हात लावत नाही. ही निवांत पडून राहण्याची मुदतही तिच्या लेखी निगेचाच भाग आहे. उलट, तीच सर्वांत मोठी असे ती म्हणते.

आपल्या पूर्वजांनी वर्षाच्या मध्ये हे चार दिवस ठेवले, तेही काहीसे याच समजुतीने ठेवले असावेत. खरीप घरात आलेले, रब्बीची पेरणी उरकत आलेली; बैल आणि माणसे दोघेही थोडे सैल. तेल लावून कढत पाण्याने न्हायचे, गोड खायचे, दुपारी आडवे व्हायचे. या दिवसांत कुणाला आळशी म्हणत नाहीत. आमच्या गावातल्या बऱ्याच घरांना मात्र हा मेणाचा थर मिळत नाही. भाऊबीजेच्या आधीच त्यांच्या दाराला कुलूप लागते, आणि भावाला ओवाळायची बहीण कुठल्या तरी फडाच्या कडेला पाचटाची खोपी उभारत असते. उन्हाळ्यात ती परत येईल. तेव्हा तिच्या कोयत्याची धार गेलेली असेल, आणि ती लावायला दगड गावात कुठेही मिळेल.